काजळी सुरय

पक्षी म्हटला की आपल्या मनात प्रथम झाड उभे राहते आणि झाडापाठोपाठ घरटे. दिवसभर रानावनात हिंडून सायंकाळी आपल्या फांदीवर परतणारा पक्षी आपण लहानपणापासून पाहत आलेलो असतो. तिन्हीसांजेला वडावर चाललेला कावळ्या-साळुंक्यांचा कलकलाट ज्याने ऐकला नाही असा मनुष्य आपल्याकडे विरळाच. परंतु या पृथ्वीवर असाही एक पक्षी आहे, की ज्याला सायंकाळी परतण्यासाठी जागाच नसते. त्याच्या पायांखाली वर्षानुवर्षे ना फांदी येते, ना दगड, ना वाळू. त्याचा दिवस हवेत जातो आणि रात्रही हवेतच जाते. उष्ण कटिबंधातील महासागरांवर वावरणारा हा पक्षी सुरयांच्या कुळातला आहे. आपल्या नद्यांच्या पात्रांवरून सपासप उडत जाणारा, चिमट्यासारख्या शेपटीचा नदी-सुरय ज्यांनी पाहिला असेल, त्यांना या कुळाची अंगलट ठाऊक असेलच. या समुद्रवासी भावंडाच्या पाठीचा रंग दिव्यावर धरलेल्या काजळासारखा असतो. म्हणून त्याला काजळी सुरय म्हणणे योग्य होईल.

अंगाने हा पक्षी मोठा नाही. चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत तो सुमारे ४० सेंटिमीटर भरतो आणि त्याचे वजन २०० ग्रॅमच्या आसपास असते. मात्र पसरलेल्या पंखांची लांबी ८० ते ९० सेंटिमीटरांपर्यंत जाते. एवढ्याशा देहाला एवढे लांब पंख मिळाले, यातच त्याच्या साऱ्या आयुष्याची दिशा ठरून गेली आहे. वरची बाजू काळी, खालची बाजू स्वच्छ पांढरी, कपाळावर पांढरा ठसठशीत पट्टा, चोच आणि पाय काळे, शेपटी खोलवर दुभंगलेली, असे त्याचे रूप. वरून पाहणाऱ्याला तो गडद पाण्यात मिसळून जातो आणि पाण्यातून वर पाहणाऱ्या मासळीला तो उजळ आकाशात दिसेनासा होतो.

समुद्रावर राहणारा पक्षी पाण्यावर उतरून विश्रांती घेत असेल, असे कोणासही वाटेल. बदके तसे करतात, कुरव पक्षीही तसे करतात. काजळी सुरयाला ते साधत नाही. बदकाची पिसे तेलाने माखलेली असतात आणि त्यांवरून पाणी मोत्यासारखे ओघळून जाते. काजळी सुरयाच्या पिसांना असे चांगले संरक्षण नाही. तो पाण्यात फार वेळ बसला, तर पिसे भिजून जड होतात आणि पुन्हा उडणे त्याला कठीण जाते. म्हणजे ज्या समुद्रावर त्याचा जन्म जायचा, त्याच समुद्राच्या पाण्यात बसण्याची त्याला मुभा नाही! कधी एखाद्या वाहत्या ओंडक्यावर किंवा पोहणाऱ्या कासवाच्या पाठीवर तो क्षणभर टेकतो, इतकेच. निसर्गाने एका हाताने पंख दिले आणि दुसऱ्या हाताने बैठक काढून घेतली.

मग तो झोपतो केव्हा, हा प्रश्न अभ्यासकांना फार दिवस पडला होता. याचे थेट उत्तर त्याच्याविषयी नसले, तरी त्याच्यासारख्याच समुद्रावर भटकणाऱ्या फ्रिगेट पक्ष्याविषयी ते मिळाले आहे. गॅलापॅगस बेटांवरील फ्रिगेट पक्ष्यांच्या डोक्यावर मेंदूतील विद्युत्-लहरी टिपणारी लहानशी उपकरणे बसवण्यात आली आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांवरून असे दिसले, की हे पक्षी उडता उडता खरोखर झोपतात. ही झोप काही सेकंदांची असते. कधी मेंदूचा एक भाग झोपतो व दुसरा जागा राहतो, तर कधी दोन्ही भाग एकदम झोपतात. अशा डुलक्यांची बेरीज दिवसाला पाऊण तासही भरत नाही. काजळी सुरयाची झोपही अशीच तुकड्यातुकड्यांची असावी, असे मानायला हरकत नाही.

त्याची अन्न मिळवण्याची रीतही या अडचणीला धरूनच आहे. नदी-सुरय उंचावरून पाण्यात सूर मारतो. काजळी सुरय सहसा तसे करीत नाही. तो पाण्याला जेमतेम चोच लावून पृष्ठभागावरची लहान मासळी, उडते मासे आणि माखूळ उचलतो. पण खोल समुद्रातली मासळी पृष्ठभागावर येते कशासाठी? तिला खालून कोणीतरी हाकलावे लागते. हे काम कुपा जातीचे मोठे मासे करतात. कुप्यांचा थवा खालून तुटून पडला, की लहान मासे जीव घेऊन वर उसळतात आणि तेथे हे पक्षी टपलेलेच असतात. खाली दाढा आणि वर चोची! बिचाऱ्या मासळीची अवस्था इकडे आड तिकडे विहीर अशी होते. कुपा पकडणारे मच्छीमार पक्ष्यांचे हे घिरटणारे थवे दूरवरून हेरतात व त्या रोखाने आपल्या नावा वळवतात.

पॅसिफिक महासागरातील बेटांवरचे जुने दर्यावर्दी होकायंत्राशिवाय हजारो मैलांचा प्रवास करीत. दिवस मावळताना पक्षी कोणत्या दिशेला परततात, हे पाहून ते अदृश्य बेटाचा ठाव घेत. त्यासाठी त्यांचा भरवसा नॉडी आणि पांढरा सुरय या पक्ष्यांवर असे, कारण ते रोज रात्री बेटावर परततात. काजळी सुरय दिसला म्हणून कोणी सुकाणू वळवीत नसे. ज्याला स्वतःलाच घरी जायचे नाही, त्याच्या मागून जाऊन घर कसे सापडणार?

तथापि घर त्याला मुळीच ठाऊक नाही, असे मात्र नव्हे. १९०७ साली जॉन वॉटसन नावाचा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्लोरिडाच्या दक्षिणेकडील ड्राय टोर्टुगास नावाच्या बेटांवर काही महिने राहिला होता. हाच गृहस्थ पुढे वर्तनवादाचा प्रवर्तक म्हणून जगभर प्रसिद्ध झाला. पण त्या उन्हाळ्यात तो एका ओसाड बेटावर सुरय आणि नॉडी यांच्या घरट्यांमध्ये वही घेऊन बसला होता. त्याने अंड्यांवर बसलेले काही पक्षी पकडले, त्यांना रंगाच्या खुणा केल्या व पिंजऱ्यात घालून जहाजाने उत्तरेस हॅटरस भूशिराकडे पाठवले. हे अंतर सरळ रेषेत मोजले तरी १,३०० किलोमीटरांहून अधिक आहे आणि या जातीचे पक्षी आपण होऊन सहसा तिकडे फिरकत नाहीत. तेथे त्यांना मोकळे सोडण्यात आले. काही दिवसांनी खुणा केलेले काजळी सुरय पुन्हा आपल्या अंड्यांपाशी हजर झाले! पुढे कार्ल लॅशली या सहकाऱ्याबरोबर त्याने असेच प्रयोग पश्चिमेकडे, मेक्सिकोच्या आखातापलीकडील गॅल्व्हस्टनपर्यंत केले. वाटेत जमिनीची एकही खूण नाही, अशा समुद्रावरूनही पक्षी परतले. ते कशाच्या आधारे परतले हे वॉटसनला सांगता आले नाही. त्याने तसे प्रामाणिकपणे लिहून ठेवले, ही गोष्ट त्या प्रयोगाइतकीच मोलाची आहे.

या पक्ष्याला जमिनीवर उतरायला लावणारी गोष्ट एकच, ती म्हणजे अंडे. अंडे हवेत घालता येत नाही आणि पाण्यावर तरंगत ठेवता येत नाही. एवढ्या एका कारणासाठी त्याला भूमीचे ऋण काढावे लागते. ते तो कोठे काढतो, हे पाहण्यासाठी अटलांटिक महासागराच्या मध्यावर जायला हवे.

आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका यांच्यामध्ये, विषुववृत्ताच्या सुमारे आठ अंश दक्षिणेस असेन्शन नावाचे एक लहान ज्वालामुखी बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८८ चौरस किलोमीटर. आफ्रिकेचा किनारा तेथून सुमारे १,६०० किलोमीटर दूर आहे आणि ब्राझीलचा त्याहूनही लांब. मधली डोंगरमाथ्यावरची हिरवळ सोडली, तर चहूकडे करपलेले काळे-तांबडे खडक आणि राख. अशा उजाड माळावर काजळी सुरयांची वसाहत भरते. या पक्ष्यांचा कर्कश पुकार इंग्रज खलाशांच्या कानांना ‘वाइडअवेक’ असा ऐकू आला. त्या शब्दाचा अर्थ टक्क जागा. म्हणून त्यांनी पक्ष्याचे नाव वाइडअवेक ठेवले आणि त्या वसाहतीला वाइडअवेकांची जत्रा म्हटले. जत्रा हा शब्द त्यांना फारच समर्पक सुचला. गर्दी, गोंगाट, धूळ, ढकलाढकली, भांडणे आणि चुकलेली मुले, यांतले काहीच तेथे कमी नसते.

ही जत्रा रात्री सुरू होते. अंडी घालण्याच्या कित्येक आठवडे आधीपासून अंधारात बेटावर आकाशातून आवाज येऊ लागतात. पक्षी येतात, घिरट्या घालतात, ओरडतात आणि उजाडण्यापूर्वी समुद्राकडे निघून जातात. दररोज आवाज वाढत जातो. मग एके दिवशी पहिले काही पक्षी धीर करून खाली उतरतात आणि पाहता पाहता माळ काळा-पांढरा होऊन जातो. इतकी वर्षे ज्याने पाय टेकला नाही, त्याला भूमीची थोडी भीती वाटत असली तर नवल नाही. वसाहत बसल्यानंतरही कधीकधी एकाएकी सारा कोलाहल थांबतो आणि हजारो पक्षी एकदम, नि:शब्द, जमिनीलगत समुद्राकडे झेपावतात. काही क्षणांत परत फिरतात आणि पुन्हा ओरडू लागतात. कशाने भ्याले, हे पाहणाऱ्याला बहुधा कळत नाही.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट या बेटावर आढळते. सेशेल्स बेटांवर काजळी सुरय दरवर्षी ठराविक ऋतूत अंडी घालतो. असेन्शनवर मात्र ही जत्रा सुमारे ९.६ महिन्यांनी भरते. त्यामुळे ती एका वर्षी जानेवारीत आली, तर पुढल्या खेपेस ऑक्टोबरात येते आणि चार वर्षांत पाच जत्रा होतात. जेम्स चॅपिन या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञाने या कालगणनेवर १९५४ साली लेख लिहिला व १९५७ ते १९५९ या काळात ब्रिटिश पक्षिशास्त्रज्ञांच्या एका तुकडीने बेटावर राहून तिची खात्री करून घेतली. विषुववृत्ताजवळच्या त्या समुद्रात उन्हाळा-हिवाळ्याचा फरक थोडा. तेव्हा पक्ष्याने सूर्याचे पंचांग बाजूला ठेवले आणि पिल्लू वाढवणे, जीर्ण पिसे टाकून नवी धारण करणे व पुन्हा अंड्याला सिद्ध होणे, या आपल्या देहाच्या गतीनेच वर्ष मोजायला घेतले, असे दिसते.

घरटे म्हणावे असे काही तेथे नसतेच. जमीन पायांनी जराशी उकरायची आणि तीत तांबूस ठिपक्यांचे एकुलते एक अंडे घालायचे, एवढाच संसार. शेजारी इतके जवळ, की मान लांब केली तर चोचीला चोच भिडावी, आणि ती भिडतेच. नर आणि मादी आळीपाळीने अंड्यावर बसतात. एक जण समुद्रावर गेला की तो कित्येकदा काही दिवसांनीच परततो. तोवर दुसऱ्याने अन्नपाण्याविना जागा सोडायची नाही. रात्री अंड्याला ऊब द्यायची हे तर खरेच, पण दिवसा काम उलटे होते. काळ्या खडकांवर ऊन असे तापते, की उघडे पडलेले अंडे थोड्याच वेळात निकामी व्हावे. म्हणून पक्षी अंड्यावर उभा राहून आपल्या अंगाची सावली धरतो, चोच उघडी टाकून धापा टाकतो आणि हलत नाही. आपल्या काळ्या पाठीवर सारे ऊन घेऊन पोटाखालचे अंडे थंड राखणारा हा पक्षी ज्यांनी पाहिला आहे, ते त्याला बेघर म्हणताना थोडे थबकतील.

सुमारे महिन्याने पिल्लू बाहेर पडते. आईबाप दूरच्या समुद्रावरून पोटात साठवून आणलेली मासळी ओकून त्याला भरवतात. हजारो सारख्याच पिल्लांतून आपले पिल्लू ओळखायचे कसे? आवाजाने. त्या कानठळ्या बसवणाऱ्या गोंगाटात बापाला पिल्लाचा आणि पिल्लाला बापाचा सूर बरोबर कळतो. चुकून शेजाऱ्याच्या अंगणात शिरलेल्या पिल्लाची मात्र धडगत नसते. शेजारी त्याला चोचीने टोचून रक्तबंबाळ करतात. ही क्रूरता आपल्याला खुपते. पण काही दिवसांच्या उपासानंतर शेकडो किलोमीटरांवरून आणलेला एक घास कोणाच्या चोचीत जावा, याचा हिशेब तेथे जीवन-मरणाचा असतो. हा हिशेब कधीकधी सबंध बेटाचाच चुकतो. पॅसिफिकमधील किरितिमाती बेटावर १९८२ साली एल निनोमुळे समुद्राचे पाणी तापले, मासळी दुरावली आणि एक कोटीहून अधिक समुद्रपक्ष्यांची ती वसाहत, जिच्यात काजळी सुरयांचाच भरणा मोठा होता, पिल्ले जागच्या जागी सोडून निघून गेली.

समुद्राचा कोप या पक्ष्यांना नवा नाही. नवे संकट आले ते जहाजांतून. १८१५ साली नेपोलियनला सेंट हेलेना बेटावर बंदिवान केले, तेव्हा त्याच्या सुटकेचा प्रयत्न होऊ नये म्हणून इंग्रजांनी असेन्शनवर आपली शिबंदी ठेवली. जहाजांबरोबर उंदीर आधीच आले होते. उंदरांसाठी मांजरे आणली. मांजरांना लवकरच कळून चुकले, की बिळातल्या उंदरामागे धावण्यापेक्षा उघड्यावर बसलेला पक्षी धरणे सोपे. ती रानटी झाली, वाढली आणि बेटावरचे फ्रिगेट आणि बूबी पक्षी हळूहळू नाहीसे होऊन कड्यांवर व शेजारच्या एका खडकाळ बेटुकल्यावर जाऊन राहिले. एकटा काजळी सुरय आपल्या संख्येच्या बळावर माळावर टिकला. त्याची अंडीही माणसांनी टोपल्या भरभरून नेली. एका अंड्यासाठी वर्षानुवर्षांचे उडणे थांबवून आलेल्या पक्ष्याला याचा प्रतिकार करता येत नव्हता. तो ओरडत होता, इतकेच.

१९४२ साली दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने त्या बेटावर अवघ्या काही महिन्यांत विमानांची धावपट्टी बांधली. धावपट्टीच्या टोकालाच सुरयांची वसाहत होती. विमान उडू लागले की पक्ष्यांचा ढग आकाशात उठे आणि वैमानिकांचे प्राण धोक्यात येत. धूर, आवाज, मांजरे, सर्व उपाय करून झाले. अखेर वर उल्लेखिलेल्या चॅपिन यांना बोलावण्यात आले. त्यांच्या सल्ल्याने त्या ठिकाणची अंडी फोडून टाकण्यात आली, तेव्हा कोठे पक्षी तेथून हटले व वसाहतीच्या उरलेल्या भागात जाऊन बसले. त्या विमानतळाला नाव मात्र वाइडअवेक असेच मिळाले. ज्यांना हुसकावले त्यांचेच नाव पाटीवर लावण्याची ही रीत जगात फार ठिकाणी आढळते.

पुढे २००२ च्या सुमारास बेटावरची रानमांजरे नष्ट करण्याची मोहीम हाती घेण्यात आली आणि २००६ साली बेट त्यांच्यापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. बूबी पक्षी मुख्य बेटावर परतले. २०१२ साली फ्रिगेट पक्ष्यांनीही तेथे घरटी केली. ती गोष्ट दीड शतकाहून अधिक काळानंतर घडत होती. काजळी सुरयाचे दैव मात्र एवढे सरळ नाही. मांजरे मोठ्या पक्ष्यांना मारीत, पण ती उंदरांनाही मारीत. मांजरे गेल्यावर उंदरांची भीती उरलीच. शिवाय एक शत्रू असा, की तो आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. पिकांवरची कीड खावी म्हणून एकोणिसाव्या शतकात तेथे नेऊन सोडलेली आपली साळुंकी! अंगणात ऐटीने चालणारा, पिवळ्या डोळ्यांचा हा पक्षी असेन्शनच्या माळावर सुरयांची अंडी चोचीने फोडतो. साळुंकीचा यात दोष काय? तिला तेथे कोणी नेले, हे विचारायला हवे.

आपल्या देशाच्या समुद्रातही काजळी सुरय आहे. लक्षद्वीपमध्ये कवरत्तीच्या वायव्येस पिट्टी नावाचा वाळूचा एक लहानसा टापू आहे. त्यावर झाड नाही, गोडे पाणी नाही, मनुष्यवस्ती नाही. आणि म्हणूनच काजळी सुरय व नॉडी तेथे अंडी घालतात. तो टापू आता पक्षी-अभयारण्य आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ, वेंगुर्ल्यासमोरच्या दीपगृहाच्या खडकांवर याचाच एक जवळचा नातलग वीण करतो. पाठ जराशी करडी आणि कपाळावरची पांढरी रेघ डोळ्याच्या मागपर्यंत गेलेली, एवढ्याच खुणांनी तो वेगळा ओळखता येतो. हुमायून अब्दुलअली यांनी १९४० च्या सुमारास त्या खडकांवर जाऊन तेथील सुरयांची नोंद करून ठेवली आहे.

पिल्लू दोन महिन्यांचे झाले की उडू लागते. त्याचा रंग आईबापांसारखा नसतो. सर्वांग धुरकट तपकिरी आणि पाठीवर पांढरे शिंतोडे. ड्राय टोर्टुगासच्या पिल्लांच्या पायांत कडी घालून त्यांचा माग काढला, तेव्हा ती अटलांटिक महासागर ओलांडून पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत गेल्याचे आढळले. १९६९ साली ही माहिती प्रसिद्ध झाली. वाट दाखवणारे त्यांचे आईबाप मात्र अलीकडेच, मेक्सिकोच्या आखातात राहतात. पुढची कित्येक वर्षे ही पिल्ले जमिनीवर दिसत नाहीत. बहुतेक जण सहा-सात वर्षांची झाल्यावर, काळी-पांढरी होऊन, अंडे घालण्यासाठी बेटावर उतरतात. त्यांतली काही तीस वर्षांहूनही अधिक जगतात.

मधल्या काळात त्यांना जमिनीवर आणणारे एकच असते, ते म्हणजे वादळ. अमेरिकेत मोठ्या चक्रीवादळांनी हे पक्षी किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत नेऊन टाकले आहेत. आपल्याकडेही पावसाळ्यात अरबी समुद्र खवळला, की कोकणच्या किनाऱ्यावर एखादा काजळी सुरय येऊन पडतो. भिजलेला, पंख अर्धवट पसरलेले, समुद्राकडे तोंड करून तो वाळूत बसून राहतो. जवळ गेले तरी उडत नाही. वारा पडला आणि अंगात त्राण उरले असेल, तर तो उठतो व लाटांवरून सरळ निघून जातो. पुष्कळदा ते उरलेले नसते.